याकूत आणि याकूताह

१

माझं नाव खमूस. अरबीत खम्सा म्हणजे पाच. माझ्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा मला तरी दृष्ट लागू नये म्हणून आईनं माझ्या नावातच पाच बोटांचा पंजा घालून ठेवला. आम्ही ज्यू लोक पाचाचा आकडा ‘हे’ या अक्षरानं लिहितो, आणि माझं पोट आजवर त्याच अक्षरावर भरलं. जर्बा बेटावर, हूम्त सूक गावातल्या सराफ गल्लीत माझं चांदीचं दुकान आहे. पंजे, मासे आणि ‘हे’, सगळे दृष्टीवरचे ताईत. कोणी गळ्यात घालतं, कोणी पाळण्याला बांधतं, कोणी नव्या गाडीच्या आरशाला लटकवतं.

अक्षर दिसायला साधं. वर एक आडवी रेघ, तिच्यातूनच खाली उतरलेला उजवा पाय. डावा पाय मात्र आखूड आणि सुटा. वरच्या रेघेला तो टेकत नाही. टेकला तर अक्षरच बदललं. कागदावर ठीक आहे, पण चांदीत सुटा पाय हवेत टांगायचा कसा? मी मागून केसाएवढी तार जोडतो. समोरून दिसत नाही.

त्याचा उच्चार म्हणजे नुसता बाहेर सोडलेला श्वास. पण कामं किती करतं बघा. शब्दाच्या आधी लागलं की तो शब्द ठरावीक एकाचा होतो. वाक्याच्या आधी लागलं की वाक्याचा प्रश्न होतो. वारासाठी लिहिलं की गुरुवार. कागदाच्या कोपऱ्यात एकटंच लिहिलं की देवाचं नाव. आणि बाईच्या नावाशेवटी लागलं की असून नसल्यासारखं.

“तुझ्या अक्षराच्या पोटात काही नाही, नुसती हवा आहे,” माझी बायको याकूत म्हणायची. “हवा विकून संसार करणारा बेटावर तू एकटाच.”

तिच्या जिभेला धार होती आणि हाताला चव. शुक्रवारी ती पालक तेलात काळा होईपर्यंत परतायची, त्यात घेवडा आणि मांस घालून भांडं निखाऱ्यावर ठेवून द्यायची. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दुपारी, ते खाऊन सगळी गल्ली झोपायची. मूलबाळ आम्हाला झालं नाही. त्याबद्दल सुरुवातीला रडलो, नंतर बोललो, मग बोलायचंही राहिलं. असं आमचं आयुष्य होतं. त्यात कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं.

२

हिवाळा सरता सरता याकूत आजारी पडली. खोकला, मग ताप, मग श्वास लागायला लागला. हूम्त सूकच्या डॉक्टरनं फुप्फुसात पाणी झाल्याचं सांगितलं. काही दिवस इस्पितळात काढले, मग तिनं घरचा ध्यास घेतला. डॉक्टर म्हणाला, न्या, औषध तेच आहे, मी येऊन टोचून जाईन.

आमच्या घराच्या मधोमध अंगण आहे, त्यात पाण्याचं टाकं, आणि चारी बाजूंनी खोल्या. पश्चिमेकडची खोली लांब, अरुंद आणि गार. तिच्या टोकाला कमानीखाली एक चौथरा आहे. त्यावर गादी घालून आम्ही याकूतला झोपवलं. मी दुकान बंद ठेवलं. तिची थोरली बहीण कमूना पलीकडच्या गल्लीत राहते, विधवा आहे. ती दिवसभर आमच्याकडे असायची.

ताप उतरेना. एका सकाळी डॉक्टर हात धुऊन माझ्याकडे न बघता निघून गेला, तेव्हा कमूना जाऊन आमचे धर्मगुरू रिब्बी मखलूफ यांना घेऊन आली. रिब्बी फार म्हातारे, एका डोळ्यानं अधू. आमच्यात चाल आहे, माणूस अगदी टोकाला पोचला की त्याचं नाव बदलायचं. न्यायला येणारा जुनं नाव शोधत येतो, त्या नावाचं कोणी सापडलं नाही की परत फिरतो.

कमूनाला नाव पार बदलून हवं होतं. तिनं ते ठरवूनही टाकलं होतं, हाया, म्हणजे जिवंत. रिब्बींना ती हलक्या आवाजात तेच पटवत होती, तेवढ्यात गादीवरून आवाज आला.

“मी अजून इथं आहे,” याकूत म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला दम घ्यावा लागत होता. “माझ्यादेखत माझं नाव काय वाटून घेता?”

मग ती रिब्बींना म्हणाली, “आईनं ठेवलंय ते. सगळं नका काढू.”

 रिब्बी म्हणाले की सगळं काढायची गरज नाही. अब्राहाम बापाला आणि सारा आईला देवानं म्हातारपणी नावात एकेक ‘हे’ दिला आणि तेवढ्यानं त्यांचं नशीब फिरलं. हिच्याही नावाला तेवढाच लावू.

गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेला पोथी उघडल्यावर रिब्बींनी दहा पुरुषांसमोर सांगितलं की याकूतवर काही निकाल झाला असेल तर तो याकूताहला लागू नाही. ही ती नव्हे. त्या नावाचं या घरात कोणी नाही.

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो, पण सगळ्यांच्या मागून, एकटाच.

मग ते घरी आले, तिच्या कानाशी वाकले आणि नवीन नाव उच्चारलं. शेवटचा श्वास त्यांनी इतका लांब सोडला की तिच्या कपाळावरचे केस हलले. निघताना दारात मला बजावलं, आजपासून जुन्या नावानं हाक नाही. चुकूनही नाही.

३

शब्बाथच्या सकाळी ती उठून बसली आणि भूक लागली म्हणाली.

डॉक्टर म्हणाला, औषधाला आता गुण आला. कमूना म्हणाली, अक्षराला. मी दोघांचेही आभार मानले. दुकानदार माणूस कोणालाच दुखवत नाही. माझा स्वतःचा विश्वास डॉक्टरवर होता. अक्षर म्हणजे काय ते मला माहीत होतं. रोज मी ते पत्र्यातून कापत होतो.

गल्लीतल्या बायका आल्या, गोड खाऊन गेल्या. कमूनानं पश्चिमेकडच्या खोलीला चुना फासला, गादी उन्हात झोडपून भिंतीशी गुंडाळून ठेवली, दार लावून घेतलं. आम्ही पुन्हा आमच्या नेहमीच्या खोलीत झोपू लागलो.

नवीन नाव तोंडात बसायला वेळ लागला. याकूत हे नाव जिभेवर टप्पकन संपतं. याकूताह म्हणताना शेवटी श्वास सोडावा लागतो. कमूना मला चिडवायची, “बायकोला हाक मारतोस की उसासा टाकतोस? गल्लीला वाटेल हिनं तुला छळलंय.”

ती हसायची, पण उलट काही बोलायची नाही. तेवढंच मला जाणवलं. पूर्वी अशा वेळी तिनं आम्हा दोघांची कातडी सोलली असती. आता ती हळू बोलायची, माझ्यापुढे चहा ठेवताना कप माझ्याकडे वळवून ठेवायची. आजारपण माणसाला मऊ करतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

४

शब्बाथच्या दुपारी आमच्या गल्लीत माणूस सोडा, मांजरही चालत नाही. जेवून आम्ही आडवे झालो होतो. ती माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दाराच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता.

अंगणापलीकडून मला श्वास ऐकू आला.

कोणीतरी डोक्यावरचं ओझं खाली ठेवून सोडावा तसा, लांब आणि थकलेला. मी ओळखला. किती रात्री त्याच्या आवाजावर कान ठेवून मी बसलो होतो. सवयीनं मी पुढच्याची वाट पाहिली. श्वास सोडला की आत घ्यावा लागतो.

तो आत घेतलेला आला नाही. थोड्या वेळानं पुन्हा सोडलेला आला. मग पुन्हा सोडलेलाच.

मी बायकोकडे पाहिलं. तिची पाठ संथपणे वरखाली होत होती. मला बरं वाटलं. भास आहे, म्हटलं. इतके दिवस जागलेल्या माणसाच्या कानात आवाज राहणारच, दिवसभर हातोडी चालवल्यावर संध्याकाळी ती डोक्यात वाजत राहते तसा. मग मी थोडा उठून तिच्या खांद्यावरून वाकलो.

तिचे डोळे उघडे होते. तीही ऐकत होती.

“झोप,” ती म्हणाली.

५

मी आधी टाक्यावर संशय घेतला. तोंडावरून वारा गेला की टाकं घुमतं. मी त्यावर लाकडी झाकण घालून वर दगड ठेवला. मग पश्चिमेकडच्या खोलीच्या उंच झरोक्यात कबुतरं आहेत का ते शिडी लावून पाहिलं. नव्हती. झरोका चिंधीनं बुजवला. खोलीत चुन्याचा वास, भिंतीशी गुंडाळलेली गादी, बाकी काही नाही. मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी दुकानातून आलो तर दार हातभर उघडं होतं.

मी बंद केलं, दुसऱ्या दिवशी तेच. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “राहू दे. कोंडतं.” कोणाला कोंडतं, हे मी विचारलं नाही, आणि ती चण्यातले खडे निवडत राहिली.

नंतर एकदा आत डोकावलो तर गादी चौथऱ्यावर घातलेली होती. उशाशी पाण्याचा पेला. पेला अर्धा होता. म्हटलं, ती दुपारची इथं पडत असेल. आजारातून उठलेल्या माणसाला आपल्या अंथरुणाची सवय लागते. हे कारण मला पटलं, आणि तीन-चार दिवस मी त्यावर काढले.

मग एका संध्याकाळी, तिला हसवावं म्हणून, मी हुईताकाकाची गोष्ट काढली. आमच्या लग्नात, मेंदीच्या दिवशी, काका अंजिराची दारू पिऊन तेलाच्या रिकाम्या रांजणात पडला होता. रांजण फोडून त्याला काढावं लागलं आणि माझी आई काकासाठी नाही, रांजणासाठी रडली. नुसतं ‘रांजण’ म्हटलं तरी आम्ही दोघं हसायचो, असं सगळं आयुष्य चाललं होतं. मी म्हटलं, आज दुकानात हुईताकाकासारखंच एक गिऱ्हाईक आलं होतं, रांजणात बसेल असं.

ती हसली. पाहुणी हसते तशी, माझ्या तोंडाकडे बघून, मी हसतोय म्हणून.

मी गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. काका पडला इथवर आल्यावर थांबलो, कारण पुढचं नेहमी तीच सांगायची.

ती माझ्याकडे लक्ष देऊन बघत होती. “मग काय झालं?” तिनं विचारलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर मी रिब्बींच्या घरी गेलो. घडलं ते सांगितलं, फार नाही, थोडं. श्वासाचं सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, जुन्या नावानं हाक मारलीस का? मी नाही म्हणालो. मग मारू नकोस, म्हणाले.

“रिब्बी,” मी म्हटलं, “आपण दहा माणसांत बोललो की त्या नावाचं इथं कोणी नाही. ते खरं होतं का?”

रिब्बींनी तपकिरीची चिमूट घेतली होती. ती तशीच बोटांत राहिली.

“दया यावी म्हणून बोललो होतो,” ते म्हणाले. “मी हे पुष्कळ घरांत केलंय, खमूस. माणूस उठून बसला की लोक मला कोंबडी पाठवतात. पुढे घरात काय झालं ते मी कोणाला विचारलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाबद्दल काय विचारायचं?”

त्यांचा चांगला डोळा माझ्यावर होता, पण मला वाटलं, त्यांना ती सगळी घरं दिसत असावीत. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, त्या दाराला भिंत घालून टाक. आत बघत बसू नकोस. वाटेत मी गवंड्याला गाठून रविवारी यायला सांगितलं.

७

शुक्रवारी ती पालक निवडत अंगणात बसली होती तेव्हा मी तिला भिंतीचं सांगितलं. खोलीला ओल येते, म्हटलं. तिचे हात थांबले.

“आत माणूस असताना?” ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. मला आठवतं, टाक्यावर एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती आणि मी त्या माशीकडेच बघत राहिलो.

मग तिनं मला सांगितलं, जसं शेजारच्या आजारी बाईबद्दल सांगावं तसं. न्यायला येणारा त्या दिवशी आला होता. दारात उभा राहून त्यानं नाव विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, त्या नावाचं कोणी नाही, आणि तो गेला. ही उठली, ती तिथंच राहिली. आता तिला न्यायला कोणी येत नाही आणि बरं करायलाही कोणी येत नाही. डॉक्टर येत नाही, बहीण येत नाही. ताप आहे तसाच आहे. पाणी दिलं तर घोटभर घेते. मध्येच घाबरते, सगळे कुठं गेले तिला कळत नाही.

“तू कोण मग?” मी विचारलं. हा प्रश्न मला विचारायचा नव्हता.

“मी याकूताह. तुम्ही सगळ्यांनी ठेवलेली.” ती पुन्हा पाला खुडू लागली. “मला तिचं सगळं करता येतं. स्वयंपाक येतो, घर येतं, तुला चहा कसा लागतो ते येतं. पण आठवायचं म्हटलं की ते तिच्याकडे असतं. तुझा तो काका तिच्याकडे आहे. मी विचारलं तिला, तुझ्यासाठी. ती बोलत नाही.”

माझ्या मनानं तेव्हाही वाट शोधली. तापानं डोक्यावर परिणाम होतो. सूस शहरात मोठे डॉक्टर आहेत. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन जायचं. हे सगळं मी तिच्यासमोर उभा राहून ठरवत होतो, आणि आतून तो श्वास येत होता. भर उजेडात, बायको माझ्यापुढे तोंड मिटून बसलेली असताना.

“मी हाक मारते तर वळत नाही,” ती म्हणाली. “आवाज तिचाच आहे ना माझा. तिला वाटतं आपणच बोलतोय. तू मार.”

“आणि तुला काही झालं तर?”

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण किती दिवस ठेवायचं तिला असं?”

८

मी शब्बाथच्या दुपारी गेलो. जेवण झालं होतं, गल्ली झोपली होती. रविवार यायच्या आत जायला हवं होतं, आणि अंधार पडल्यावर माझी हिंमत झाली नसती.

अंगण ओलांडताना चुन्याच्या भिंतींनी डोळे दिपले, म्हणून आत पाऊल टाकल्यावर मला काही दिसेना. खोली तापलेली होती. एरवी भर उन्हाळ्यात गार असणारी ती खोली आजारी माणसाच्या अंगासारखी तापलेली होती. औषधाचा आणि घामाचा वास होता. कमूनानं फासलेल्या चुन्याचा वास गेला होता.

मी भिंतीला हात लावत कमानीपर्यंत गेलो. तिथं मी रोज बसायचो ते स्टूल होतं. सवयीनं बसलो.

गादीवर चादर ओढलेली होती आणि चादरीखाली उंचवटा होता. उशा असतील, असं मला वाटून गेलं. मग डोळे सरावले. भिंतीकडे तोंड केलेलं डोकं दिसलं, वेणी सुटलेली, केस घामानं मानेला चिकटलेले. त्या मानेवर, केसांच्या खाली, भाजल्याचा एक जुना डाग आहे. बाजारातल्या हजार बायकांत तेवढ्या खुणेवरून मी तिला ओळखलं असतं.

श्वास बाहेर आला. चादर खाली बसली. ती पुन्हा वर झाली नाही, तरी पुढचा श्वास बाहेर आलाच.

मला भीती वाटली का? वाटली.  पण त्याहून जास्त मला असं वाटलं की ही इतके दिवस इथं होती, आणि मी अंगणात बसून गोड खात होतो.

मी मागं पाहिलं. याकूताह उंबऱ्यात उभी होती, उन्हाला पाठ करून. तिचा चेहरा दिसत नव्हता. तिनं होकाराची मान हलवली.

“याकूत,” मी म्हणालो.

“हं?” गादीवरून आवाज आला.

रोजचाच. पीठ मळताना, धुणं वाळत घालताना, मी बाहेरून हाक मारली की ती द्यायची तोच. काय काम आहे लवकर बोल, असा. त्यात ताप नव्हता, दुखणं नव्हतं. मानेवरचे केस हलले, ती माझ्याकडे वळू लागली. कान दिसला, गालाची कड दिसली.

तेव्हा मागं याकूताहची हालचाल जाणवली आणि मी वळलो. ती उंबऱ्यातून बाजूला सरकत होती. वडीलधारं माणूस आत येताना बाई सरकते तशी, डोक्यावरचं फडकं पुढे ओढून, नजर खाली घालून. उंबऱ्यात ऊन होतं. त्या उन्हात मला कोणी दिसलं नाही. पण ऊन क्षणभर कमी झालं.

न्यायला येणाऱ्याला नाव मिळालं होतं. मी पुन्हा समोर बघायला धजलो नाही. मान खाली घालून बसून राहिलो. माझ्या गुडघ्याजवळून कोणीतरी गेलं. गादीची कड दबली, जवळ कोणी बसलं की दबते तशी. मग ती परत वर आली.

श्वास थांबला होता. मी कितीतरी वेळ ऐकत होतो. शेवटी डोकं वर केलं तेव्हा गादीवर चादर सपाट पडली होती. मी तिच्यावर हात ठेवला. ती ओली होती, आणि माझ्या हाताखाली हळूहळू गार होत गेली.

मी धावत बाहेर आलो. दुसरीचं काय झालं, एवढाच विचार डोक्यात होता. ती अंगणात टाक्याशी बसली होती, धडधाकट. मला पाहून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, हात धुवायला. प्रेताजवळून आलेल्या माणसाला देतात तसा.

९

चांदण्या दिसून शब्बाथ संपला तेव्हा मी अंगणात उभा राहिलो आणि सदऱ्याची गळपट्टी फाडली, आमच्यात घरचं माणूस गेलं की फाडतात तशी. कोणासाठी, हे मला कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो, माहीत नाही. सकाळी गवंडी आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. मग पश्चिमेकडच्या खोलीत जाऊन सुतकाला जमिनीवर बसलो.

कमूना आली ती नेहमीसारखी बोलत बोलतच. उंबऱ्यात तिचं बोलणं थांबलं. माझा फाटलेला सदरा पाहिला, रिकामी गादी पाहिली. कोण गेलं, असं विचारायला तिनं तोंड उघडलं असावं. मग तिनं वळून अंगणात पाहिलं. तिथं तिची बहीण दोरीवर एक चादर वाळत घालत होती. कमूना तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. ती काय शोधत होती आणि तिला काय सापडलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. चपला काढून ती आत आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तोंडात पदर घालून रडू लागली. कितीतरी दिवस थांबवून धरल्यासारखं.

 आतलं ऊन उंबऱ्याकडे मागं सरकलं. दुपार व्हायला आली तेव्हा कमूनानं नाक पुसलं आणि म्हणाली की तू कालपासून उपाशी दिसतोस. सुतकातला पहिला घास घरच्यांच्या हातचा चालत नाही, उकडलेलं अंडं बाहेरच्या कोणीतरी आणून द्यावं लागतं.

“मी दिलं असतं उकडून,” ती म्हणाली. “पण मीही सुतकातलीच. बाहेरच्या कोणाला तरी बोलवायला हवं.”

कोणाला बोलवावं लागलं नाही. अंगणातून पावलं आली. याकूताहनं एका ताटलीत दोन अंडी आणली होती, सोललेली, शेजारी दुःखाची खूण म्हणून थोडी राख. तिनं ताटली आम्हा दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली. कमूनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परकी माणसं दुखवट्याला आल्यावर म्हणतात ते वाक्य ती नीट, एकेक शब्द उच्चारत म्हणाली.

“देव तुमचं सांत्वन करो.”

मग तिनं दाराजवळची खुर्ची ओढली आणि भेटायला आलेल्यांसारखी, हात मांडीवर ठेवून, आम्ही खाईपर्यंत बसून राहिली.